सांडलेले हरभरे

आमच्या घरी सांडलेले हरभरे वेचत नाहीत. तांदूळ वेचतात, ज्वारी वेचतात, शेंगदाणे तर मोजून वेचतात. पण हरभऱ्याचा दाणा भुईवर पडला की तो चिमण्यांचा. मी सहा-सात वर्षांची असताना डबा लवंडून माजघरभर हरभरे झाले आणि मी ते ओंजळीत गोळा करायला बसले. आजी चुलीपुढून धावत आली आणि मनगट धरून तिनं मला उठवलं. ती कधी ओरडायची नाही. त्या दिवशी ओरडली. "ऊठ आधी तिथनं, बाय. हरभरं येचत बसल्यात आन् आप्पासायबांचा घात केलाय त्यांनी!"

आप्पासाहेब म्हणजे आमच्या नात्यातले कुणीतरी, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत होतं. आजीचा सूर तसाच होता. काल-परवा शेजारच्या आळीत काहीतरी भयंकर घडावं आणि घरातल्या बाईनं ते पोरांना सांगावं, तसा. नंतर कळलं की आप्पासाहेब म्हणजे जयाप्पा शिंदे, राणोजी शिंद्यांचे थोरले चिरंजीव आणि महादजींचे भाऊ. घात झाला तो 1755 च्या जुलै महिन्यात, मारवाडात, नागोर शहराबाहेर. आजीच्या त्या ओरडण्यात आणि त्या घटनेत दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर होतं, आणि तिला ते जाणवतही नव्हतं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. शिंद्यांचं कण्हेरखेड याच तालुक्यातलं. आमच्या घराण्यातला एक जण जयाप्पांच्या फौजेबरोबर मारवाडात गेला आणि परत आला नाही, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याला शिलेदारबाबा म्हणतात. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी विळे-कोयत्यांशेजारी घोड्याला चंदी चारायचा एक चामड्याचा तोबरा मांडतात आणि त्यात मूठभर हरभरे टाकतात. घरात घोडं शेवटचं कधी होतं, हे आजोबांनाही आठवत नव्हतं. तोबरा मात्र दर दसऱ्याला निघायचा.

आजोबा 'शिलेदार' हा शब्द जपून वापरायचे. गावात कुणी आपल्या पूर्वजाला सरसकट सरदार म्हणायला लागलं की ते गप्प व्हायचे आणि तो माणूस गेल्यावर आम्हांला समजावून सांगायचे. बारगीर वेगळा, शिलेदार वेगळा. बारगिराचं घोडं पागेतलं, सरकारचं. ते मेलं तर दुसरं मिळणार. शिलेदाराचं घोडं घरचं, खोगीर घरचं, भाला-तलवार घरची. तो आपणहून फौजेत जाणार आणि माणूस व घोडं मिळून त्याचा पगार ठरणार. मोहिमेच्या तोंडाशी नालबंदी म्हणून उचल मिळायची, बाकीचा हिशेब मागाहून. तो पुष्कळदा फार मागाहून व्हायचा. शिलेदारांत कुणी पन्नास-शंभर घोडी बाळगणारे पथके असत, आणि कुणी अगदी एकटे. एक माणूस आणि एक घोडं. ते एकांडे.

आज आपण 'एकांडा शिलेदार' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं एखादा बाणेदार पुढारी येतो, नाहीतर कुणाचीही पर्वा न करणारा लेखक. मूळचा एकांडा म्हणजे शेत गहाण टाकून घोडं घेतलेला कुणबी. "घोडं पडलं की घर पडलं," आजोबा म्हणायचे. शिलेदार अंग राखून लढत, घोड्याला जपायला मागं राहत, असा ठपका इतिहासकारांनी त्यांच्यावर ठेवला आहे. तो खोटा नसेल. पण ज्याच्या एका जनावराच्या पाठीवर सावकाराचं व्याज आणि घरातली सहा तोंडं बसलेली आहेत, त्यानं तोफेच्या तोंडी ते बेलाशक घालावं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अशी माणसं दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यापूर्वी घरी येत. पेरणीला हात हवेत, हा त्या मुलूखगिरीचा हिशेब होता. नर्मदेपलीकडचं राजकारण वाढलं तसा तो मोडला. माळव्यात छावण्या पडू लागल्या, शिंद्यांचं ठाणं उज्जैनला झालं, आणि माणसं दोन-दोन, तीन-तीन वर्षं घराबाहेर राहू लागली. शिलेदारबाबा कुठल्या साली गेला ते माहीत नाही. आजीच्या तोंडून एवढंच ऐकलं की तो गेला तेव्हा घरात पाळणा होता, आणि त्याचं मरण कळलं तेव्हा पाळण्यातलं पोर गुरं वळत होतं.

तो ज्या लढाईत गेला ती आपली नव्हती. ती जोधपूरच्या राठोडांच्या घरातली होती. हे मला आजोबांनी सांगितलं नाही. ते आमच्या पेठेतल्या शेटजींनी सांगितलं.

शेटजींचं किराणा दुकान आमच्या वाड्यासमोर. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी नागोरकडच्या एका खेड्यातून आलेलं. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, चिडले की मारवाडी. रोज संध्याकाळी दुकानाची एक फळी लावून ते आमच्या ओट्यावर येऊन बसत. आजोबा त्यांना 'शेटजी' म्हणत, ते आजोबांना 'आबा'. दोघांचं सगळ्या विषयांवर जमायचं. नागोर निघालं की जमायचं नाही. मी दोघांच्या मध्ये, उंबऱ्यावर बसून ऐकायची. माझ्या इतिहासाची सुरुवात त्या उंबऱ्यावर झाली, आणि दोन्ही बाजूंनी झाली, याचं मला आज मोल वाटतं.

शेटजी सांगायचे ते असं. जोधपूरचा महाराजा अजितसिंह 1724 साली झोपेत मारला गेला. मारणारा त्याचा स्वतःचा धाकटा मुलगा बख्तसिंह. थोरला अभयसिंह गादीवर बसला आणि बख्तसिंहाला नागोर मिळालं. "ज्या गादीची सुरवात अशी, तिथं शांतता कुठनं येणार, आबा?" 1749 मध्ये अभयसिंह वारला, त्याचा मुलगा रामसिंह महाराजा झाला. पोरगा तापट. जुन्या ठाकुरांचे अपमान करायचा. बख्तसिंह काका नागोरात टपूनच बसलेला. मारवाड फुटलं. मेडतिये राठोड रामसिंहाकडे, चांपावत राठोड बख्तसिंहाकडे. एकाच रक्ताची माणसं मेडत्याच्या माळावर एकमेकांसमोर उभी राहिली. 1751 मध्ये काकानं जोधपूर घेतलं. पुढच्याच वर्षी तो मेला. कुणी म्हणतात पटकीनं, कुणी म्हणतात विषानं. त्याचा मुलगा विजयसिंह गादीवर आला. पुतण्या रामसिंह रानोमाळ होऊन मदत मागत फिरू लागला, आणि मदत विकणारे शेजारी माळव्यातच होते.

'विकणारे' हा शब्द शेटजींचा. आजोबा त्यावर तंबाखू मळायची थांबवून म्हणायचे, "बोलावलं म्हणून गेले. आगंतुक नव्हते."

दोघांचंही खरं होतं. जयपुरातही हेच झालं होतं. सवाई जयसिंह 1743 मध्ये गेल्यावर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या दोन सावत्र भावांच्या भांडणात मराठी फौजा ओढल्या गेल्या, आणि ओढल्या जाण्यात त्यांचा फायदाही होता. जो गादीवर बसेल तो लाखांचा आकडा कबूल करणार, मग तो वसूल करायला पुन्हा फौज जाणार. होळकर माधोसिंहाच्या बाजूनं उभे राहिले, शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, म्हणजे आपल्या दोन सरदारांतही एकवाक्यता नाही. 1750 च्या डिसेंबरात मल्हारराव खंडणीसाठी जयपूरच्या वेशीवर आले आणि ईश्वरीसिंहानं विष घेतलं. माधोसिंह गादीवर आला. नवं शहर बघायला, खरेदी करायला, देवदर्शनाला म्हणून 1751 च्या जानेवारीत हजारो मराठे निर्धास्तपणे आत गेले, तेव्हा दरवाजे बंद करून त्यांची कत्तल झाली. सुमारे तीन हजार माणसं पडल्याची नोंद आहे. ज्याला गादी मिळवून दिली त्याच्याच शहरात. त्या दुपारी जयपूरच्या बाजारात कापड बघत उभ्या असलेल्यांत किती एकांडे होते, कुणी मोजलं नाही.

तरीही तीन-साडेतीन वर्षांनी मराठे मारवाडात शिरले. मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती. 1754 च्या मार्च महिन्यात सुरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याच्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा, अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव, तोफेच्या गोळ्यानं मारला गेला. मल्हाररावांनी सुरजमल जाटाचा सूड घ्यायची शपथ घेतली. जाटाच्या राणीनं जयाप्पांकडे पागोटं पाठवून भाऊपण जोडलं आणि जयाप्पांनी तहाची बाजू घेतली. वेढा उठला. होळकर-शिंद्यांमधली जुनी अढी त्या दिवशी पक्की झाली. त्यानंतर रघुनाथरावांच्या संमतीनं जयाप्पा रामसिंहाला घेऊन मारवाडाकडे वळले, ते होळकरांच्या जोडीशिवाय.

सप्टेंबर 1754. मेडत्याजवळ विजयसिंह उभा राहिला. मदतीला बिकानेरचा गजसिंह आणि किशनगडचा बहादूरसिंह. (या बहादूरसिंहानं आपल्या थोरल्या भावाची, कवी सावंतसिंहाची, गादी बळकावलेली होती. बणीठणीची चित्रं ज्याच्या दरबारातली, तोच हा सावंतसिंह. त्या काळी राजस्थानात भाऊबंदकीशिवाय घर नव्हतं, आणि आपल्याकडेही अशी घरं फारशी नव्हती.) राठोड मोडले. विजयसिंह नागोरकडे पळाला. इथं शेटजींचा आवाज बदलायचा. महाराज रात्री एका जाटाच्या बैलगाडीतून गेले, पाच रुपये भाडं ठरवून. गाडीवाल्याला कळलं नाही आत कोण आहे. आत बसलेला माणूस सारखा "हाक, हाक" म्हणतोय, तेव्हा गाडीवाला करवादला की माझे नागोरी बैल आहेत, याहून वेगात जायला तू काय विजयसिंह लागून गेलास? ही गोष्ट शेटजी दर वेळी सांगायचे आणि दर वेळी त्यांचे डोळे भरायचे. हरलेल्या राजाचे हाल त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. माझे आजोबा तेवढ्यापुरते गप्प बसायचे. तेही एका हरलेल्याच्याच गोष्टीचे वारस होते.

नागोरचा किल्ला अहिछत्रगड. भोवती वाळू, खेजडीची झाडं, खोल विहिरी. जयाप्पांनी शहराबाहेर ताऊसरला तळ दिला आणि वेढा घातला. ऑक्टोबर गेला, हिवाळा गेला, उन्हाळा आला. राठोड झुंजार, किल्ला पडेना, विजयसिंह पैसे देईना. पुण्याहून नानासाहेब पेशव्यांची पत्रं येत होती की राठोडांशी मिटवा, रामसिंहाला काही देऊन मोकळे व्हा, काशी-प्रयागची कामं पडली आहेत. जयाप्पा ऐकेनात. मानी माणूस, घेतलेला शब्द सोडवेना. मला इथं पेशव्यांचं बरोबर वाटतं. एका भावबंदाला दुसऱ्याच्या जागी बसवण्यासाठी त्या वाळूत वर्षभर घोडी उभी ठेवण्यात शहाणपण नव्हतं.

त्या घोड्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. भीमथडीच्या गवतावर वाढलेली जनावरं. रोजची चंदी हरभऱ्याची, आणि हरभरा दुरून आणायचा. वैरण आणणारी टोळी, म्हणजे कही, बाहेर पडायची तीही हत्यारबंद. पागेतल्या घोड्याला सरकारी चंदी. एकांड्याला आपल्या घोडीचा तोबरा आपण भरायचा, आणि पगार तुंबलेला. आपल्या ताटातली भाकरी कमी करून तिला हरभरे घालणारा माणूस मला दिसतो. मला तो नीट दिसतो, कारण आमच्या घरात आजही आधी गोठ्याला आणि मग ताटाला अशी रीत आहे.

आता हरभऱ्यांची गोष्ट. आजीची हकीकत अशी होती की विजयसिंहाचे वकील तहाचं बोलणं करायला तळात आलेले, बोलणी रोज चाललेली. त्यांच्या आडून दोन मारेकरी भिकाऱ्याच्या वेशात आले. घोड्यांच्या तोबऱ्यातून सांडलेले हरभरे वेचत ते आप्पासाहेबांच्या डेऱ्याजवळ बसून राहिले. दुष्काळी मुलूख, अशी माणसं रोजच यायची. कुणी हटकलं नाही. आप्पासाहेब आंघोळ करून अंग पुसत होते. दोघं उठले आणि कट्यारी चालल्या. इतिहासाच्या पुस्तकांतली हकीकत आजीच्या हकीकतीजवळच जाते. दिवस 25 जुलै 1755 चा धरतात.

शेटजींची हकीकत वेगळी. त्यांच्याकडे मारेकरी भिकारी नाहीत. एक खोखर आणि एक गेहलोत, दोघे व्यापारी बनून गेले, हिशेबावरून खोटं खोटं भांडत न्याय मागायला आप्पांसमोर आले आणि तिथं त्यांनी काम उरकलं. राजासाठी जिवावर उदार झालेले शूर. त्या खोखरावर नागोरकडे दोहा आहे आणि त्यात आप्पा राक्षस आहेत. "आबा, वर्षभर आमच्या मुलखातलं पीक तुमच्या घोड्यांनी खाल्लं. विहिरी उपसल्या. आमच्या बायकांनी तुम्हांला राक्षस नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?" शेटजींनी हे एकदाच विचारलं, अगदी हळू आवाजात. आजोबांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शेटजींच्या दुकानात जाऊन बसले. एरवी ते कुणाच्या दुकानात जाऊन बसत नसत.

जयाप्पा पडल्यावर तळात जो संताप उसळला, त्यात वकिलांचा बळी गेला. मेवाडच्या राण्यानं मध्यस्थीसाठी पाठवलेला सलूंबरचा रावत जैतसिंह, ज्याचा त्या कटाशी संबंध नव्हता, तोही मारला गेला. हे आमच्या घरच्या गोष्टीत नव्हतं. मी ते नंतर वाचलं आणि आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग हेबी सांगत जा तू." म्हणून सांगते.

भाऊसाहेबांच्या बखरीत पानिपताच्या कथेआधी ही नागोरची कथा येते. प्राण जाताना जयाप्पांनी रडणाऱ्या धाकट्या भावाला, दत्ताजीला, खडसावलं आणि शत्रू समोर असताना लढाई थांबवू नको म्हणून सांगितलं, असं बखरकार सांगतो. दत्ताजीनं वेढा चालू ठेवला. जयपूरच्या माधोसिंहानं, ज्याच्या गादीसाठी मराठी रक्त सांडलं होतं त्यानं, विजयसिंहाच्या मदतीला फौज धाडली. मराठ्यांच्या बाजूनं अंताजी माणकेश्वर ताज्या दमाचे स्वार घेऊन आले. नोव्हेंबरात विजयसिंह नागोर सोडून बिकानेरकडे गेला आणि 1756 च्या फेब्रुवारीत तह झाला. अजमेर मराठ्यांना, पन्नास लाख रुपये दंड, रामसिंहाला मारवाडातला वाटा.

रामसिंहाला तो वाटा टिकवता आला नाही. तो जयपुरात आश्रित होऊन मेला. ज्याच्याविरुद्ध आमची माणसं लढली तो विजयसिंह मात्र 1793 पर्यंत जोधपूरच्या गादीवर होता. दत्ताजी 1760 च्या संक्रांतीला बुराडी घाटावर पडला. जयाप्पांचा मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. पानिपताच्या वेळी जयपूर आणि जोधपूर दोघंही दूर उभं राहून बघत होते. त्यांनी आपल्याला मदत का करावी, याचं उत्तर मला ताऊसरच्या तळावरच मिळतं.

महादजींनी पुढं 1790 मध्ये पाटण आणि मेडता इथं राठोडांना हरवलं, पण त्या लढाया त्यांच्या पदरच्या डी बॉइन या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींच्या होत्या. घोडी राखत येणाऱ्या शिलेदाराचे दिवस तोवर सरत आले होते.

शिलेदारबाबा वेढ्यात कुठं पडला, गोळी लागून की हगवणीनं, काही माहीत नाही. आमच्या घरात त्याच्याबद्दल एकच गोष्ट आहे. तो गेला त्याच्यानंतर काही वर्षांनी त्याची घोडी एकटी परत आली. पांढरीशुभ्र. उन्हाळ्याच्या दिवसांत, भर दुपारी, दारात येऊन उभी राहिली. घरधनीण बाहेर आली, रिकामं खोगीर पाहिलं आणि तिनं कुंकू पुसलं. तोवर तिनं ते पुसलं नव्हतं, लोकांनी कितीही सांगितलं तरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी मरेपर्यंत, 1783 पर्यंत, नवरा गेल्याचं मान्य केलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पार्वतीबाईंसाठी शनिवारवाडा होता. आमच्या घरातल्या त्या बाईला रोज सकाळी पाण्याला जावं लागायचं, आणि पाणवठ्यावर तिच्या कपाळाकडे सगळा गाव बघायचा.

मी कॉलेजात असताना ओट्यावर हा विषय निघाला. शेटजी म्हणाले, "आबा, रागावू नका. घोडी नागोरहून एकटी येत नाही. हजार किलोमीटरच्या वर वाट. चंबळ, नर्मदा, तापी, गोदावरी. खोगिरासकट? वाटेत कुणीही धरून नेली असती." आजोबा काही बोलले नाहीत. बोलली आजी, आतल्या दारातून. एरवी ती पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. "खरं हाय शेटजींचं. कुणीतरी आणली आसंल. संगतीतल्या एकांड्यानं. सोताचं घोडं मेलं आसतं तर हिच्यावर बसून गेला आसता घरी, नायतर इकून पैशे केलं आसतं. तसं न करता दारात आणून बांधली. आन् आपण त्या मानसाचं नावबी ठिवलं न्हाय. घोडीचा रंग तेवढा ठिवला."

मी काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात नागोरला गेले. शहराबाहेर ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला रस्ता विचारला. त्यानं "दखणी आप्पा?" म्हणून हात केला आणि स्वतः बरोबर आला. छत्रीशी पोचल्यावर त्यानं पायातल्या मोजड्या बाहेर काढल्या. मी विचारलं, तुमच्याकडे तर यांना राक्षस म्हणतात. तो म्हणाला, म्हणतात. पण मेलेला पाहुणा असतो. आसपास जिरं आणि मेथी उभी होती. मी मोकळ्या रानात पुष्कळ वेळ फिरले. कुठलाही दगड दुसऱ्या कुणाचा नव्हता. वर्षभर चाललेल्या वेढ्यात तळावर हजारो माणसं होती, आणि नाव उरलं एकाचं.

परत आले ती एक काम मनात धरून. आजोबांच्या लहानपणी आमच्या माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल होता. एका चुलत आजोबांनी तो बंबात घातला. पाणी लवकर तापतं म्हणून. एकच कागद बचावला होता, देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या पाठीला चिकटवलेला. तो मी सोडवून मोडी जाणणाऱ्या एका बाईंना दाखवला. घरातल्या सगळ्यांना आशा होती की पराक्रमाची सनद निघेल. कर्जरोखा निघाला. घोडी रास एक, रंग कुमेत, तिच्या खरेदीसाठी घेतलेले रुपये आणि त्यापायी लिहून दिलेलं विहिरीलगतचं शेत. सालाकडचा कोपरा फाटलेला आहे. कर्ज घेणाऱ्याचं नाव त्याच फाटलेल्या कडेला होतं.

कुमेत म्हणजे तांबूस. पांढरी नव्हे. कागदातली घोडी नागोरला गेलेलीच होती, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण ते विहिरीलगतचं शेत आज आमच्याकडे नाही, आणि ते कधी गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. तो कागद वाचून झाला तेव्हा आजोबा नव्हते, शेटजीही नव्हते. आजी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "व्याज किती लावलं हुतं?"

तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवाच्या तसबिरीमागं मोडीतला एखादा कागद असेल तर तो बंबात घालू नका आणि रद्दीतही देऊ नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारी माणसं आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्याकडे जा. आणि जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्याला तो कागद दाखवा.